पायाकडची बाजू

“एर्विन, दार लाव! मधलं उघडं ठेवायची तुझी खोड काही जात नाही. आम्ही इथे कुडकुडतोय!”

एर्विन मुशोलिक वस्तीतल्या बारच्या उंबऱ्यावर बूट आपटून बर्फ झाडत होता. आलोइसचा हा टोमणा गेली चाळीस वर्षं चुकला नव्हता आणि टेबलाभोवतीचे म्हातारे गेली चाळीस वर्षं त्याला इमानानं हसत होते. एर्विनही हसला. न हसून करतो काय? चषकाचा उपान्त्य सामना, शेवटचं मिनिट, एक मरतुकडा चेंडू रमतगमत आला आणि त्याच्या दोन पायांमधून आत गेला. खाणींच्या आमच्या सगळ्या सिलेसिया प्रांतानं ते रेडिओवर ऐकलं. त्यानंतर तो कितीतरी हंगाम खेळला, बड्या बड्या संघांच्या पेनल्टी अडवल्या, एकदा राष्ट्रीय संघाच्या शिबिरातही जाऊन आला. तिसरा गोली म्हणून नेलं होतं. महिनाभर बाकावर बूड गार करून परत आला, पण गेला तर होता ना? त्याची आठवण कोणाला नाही. वस्तीनं जपून ठेवला तो एवढा एक चेंडू.

खरं सांगायचं तर एर्विनला त्या गोलची लाज कधीच वाटली नाही. गोल खाणं हा गोलीचा धंदाच आहे. कधी चांगला खायचा, कधी वाईट. त्याची लाज वेगळी होती. ती त्याच्या घरासमोरच्याच लाल विटांच्या इमारतीत, तळमजल्यावर राहत होती आणि रोज सकाळी लाकडी पाय टकटकवत अंगणातून कोळसा आणायला जात होती.

तो खुर्ची ओढणार तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली. ही काही घंटेची वेळ नव्हती. पत्ते जागच्या जागी थांबले.

“तेओफिल गेला,” काउंटरमागून मालकीण म्हणाली. “पहाटे. त्याच्या बायकोची, हिल्डाची बहीण आत्ताच सांगून गेली. छातीनं दगा दिला.”

सगळ्यांनी टोप्या काढल्या. आलोइस हा एके काळी खाणीतल्या टोळीचा मुकादम, तोंडाचा फाटका, पण त्यानंही हातातले पत्ते पालथे ठेवले आणि नाक शिंकरलं.

“सोन्यासारखा माणूस,” तो म्हणाला. मग एर्विनकडे वळला. “तुझ्यासाठी पाय दिला रे त्यानं.”

“हो.”

“मग तू खांदा द्यायचास. गणवेश घालून, पिसांची टोपी घालून. खाणवाल्याला खाणवाल्यांनीच न्यायचं.”

“माझ्या गणवेशाला कसर लागली असेल...”

“मग झटक की! लग्नाला बोलावतोय का मी तुला?”

एर्विननं बिअर मागवलीच नाही. दार मात्र जाताना नीट लावून घेतलं.

आता हा गणवेश त्याच्याकडे आला कसा, ते सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडे फुटबॉल खेळून पोट भरतो असं कोणाला म्हणता येत नसे. संघ खाणीचा. गोली, बचावपटू, आघाडीवाले, सगळे कागदोपत्री खाणकामगार. एर्विनचं नाव आलोइसच्या टोळीत लावलेलं. टोळी आठांची, खाली जायचे सात, आणि आठव्याच्या वाट्याचा कोळसाही तेच सात जण फोडायचे. त्या वेळी आठवा मैदानावर चिखलात लोळून चेंडू धरायचा सराव करत असे. कुणी कुरकुरत नसे. रविवारी संघ जिंकला की झालं. डिसेंबरात खाणीची रखवाली करणाऱ्या संत बार्बाराचा सण आला की सगळ्या खाणकामगारांबरोबर एर्विनही काळा गणवेश चढवून, टोपीत काळी पिसं खोचून मिरवणुकीत चालायचा. डोळे जमिनीवर. लोकांना वाटे, विनयशील माणूस आहे.

घरी आला तर ट्रुडानं, त्याच्या बायकोनं, गणवेश आधीच कपाटातून काढून खुर्चीवर पसरला होता. टोपीची पिसं ती पावाचा चुरा झाडायच्या ब्रशनं साफ करत होती.

“आलोइसनं सांगितलं असेल ना तुला खांद्याचं?” ती म्हणाली. “मला ठाऊकच होतं.”

“मी नाही घालणार हा.”

“मग काय कोट घालून जाणार? लोक विचारतील.”

“विचारू देत. या खेपेला सांगतो सगळं. हिल्डाला सांगतो आधी.”

ट्रुडाचा हात थांबला. “खबरदार. तिच्या घरात अजून मेणबत्ती जळतेय. तुझ्या मनाचा कचरा टाकायला आजचाच दिवस सापडला?”

“मग कधी टाकू? तेओफिल असताना नाही टाकला. आता मी मरेन तेव्हा?”

ती पिसं झटकत राहिली. या प्रकरणात तिचाही हात होता, म्हणून तिचं तोंड बंद होतं.

झालं होतं असं. तो चेंडू पायांतून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी खाणीच्या डायरेक्टरनं एर्विनला समोर उभं केलं आणि टेबलावर मूठ आपटली. “आठ दिवस खाली जायचं, कोळसा फोडायचा. म्हणजे पाय जवळ ठेवायची अक्कल येईल!” अशी शिक्षा आमच्याकडे व्हायची. वस्तीभर बातमी पसरली. पोरीबाळीसुद्धा हसल्या.

पहाटेच्या पाळीला एर्विन गेला. दिवा घेतला. आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिडकीतल्या कारकुनाच्या हातात दिला. त्यानं तो फळ्यावरच्या खिळ्याला अडकवला. नियमच तो. खिळ्यावर बिल्ला असला की माणूस खाली आहे असं समजायचं, आणि वर आलं की बिल्ला परत मागून घ्यायचा. सगळे पिंजऱ्यात शिरले. पिंजरा म्हणजे खाली नेणारी लिफ्ट. दाराला नुसती जाळी, आणि तळाशी मिट्ट काळोख. एर्विनचा एक पाय आत, एक बाहेर. आणि तो बाहेरचा पाय काही केल्या उचलेना. गुडघ्याएवढ्या चिखलात समोरून धावत येणाऱ्या रेड्यासारख्या माणसांच्या पायांत डोकं घालून चेंडू काढणारा हा गडी! पण त्या काळोखानं त्याची गाळण उडाली. मागच्यांनी ढकललं, “होतोस का आत, की इथेच उभा राहून गोल खाणार?” तो बाजूला झाला. बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. पिंजरा गेला.

दुसरा पिंजरा येण्याआधी तो निघाला. बिल्ला मागायला हवा होता. पण खिडकीपाशी जाऊन काय सांगायचं? अंधाराची भीती वाटली? कारकून दुपारपर्यंत अख्ख्या वस्तीला सांगेल. आधीच त्या गोलनं अब्रूचं खोबरं झालं होतं. म्हणून बिल्ला तिथेच लटकत ठेवून तो लाकडाच्या वखारीमागून सटकला आणि आपल्या कबुतरांच्या माळ्यावर जाऊन बसला.

दहाच्या सुमारास भोंगा झाला. छत कोसळल्याचा भोंगा.

एर्विन उठला, शिडीपर्यंत गेला. आपला बिल्ला फळ्यावर आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आत्ता धावत जाऊन एवढंच सांगायचं होतं की मी इथे आहे, मला शोधू नका. पण मग कुठे होतास, का होतास, ते सगळं आलं. थोड्या वेळानं जाऊ, असं त्यानं ठरवलं. तोवर कबुतरांचं पाणी बदलू. त्यानं पाणी बदललं. मग दाणे टाकले. मग, देवा, तो फळ्या खरवडत बसला.

तेवढ्या वेळात बचाव पथकानं टोळीतले सातही जण जिवंत बाहेर काढले, बहुतेक बेशुद्ध. फळ्यावर बिल्ले मात्र आठ. पथकात तेओफिल होता. एर्विनचा शेजारी, एकाच बाकावर शिकलेला, एकाच खिडकीची काच फोडून एकदमच मार खाल्लेला. पथकप्रमुख म्हणाला, पुन्हा आत जायला नको, छत बोलतंय, करकरतंय. तेओफिल म्हणाला, “आमचा गोली आहे आत.” आणि गेला. रिकाम्या बोगद्यात तो एर्विनच्या नावानं हाका मारत असताना उरलेलं छत आलं. डावा पाय मांडीपासून गेला.

एर्विन फाटकापाशी पोचला तेव्हा दुपार टळून गेली होती. ट्रुडा बायकांच्या घोळक्यात रडत होती. तिनं त्याला बघितलं, कवटाळलं, आणि त्याचा स्वच्छ चेहरा बघून क्षणभर दगड झाली. मग तीच मोठ्यानं म्हणाली, “पोटात कळ आली म्हणून आधीच वर आला होता हो! बिल्ला घ्यायचा राहून गेला!” डायरेक्टरला तेवढंच हवं होतं. तेच खरं ठरलं, टोळीनंही खोदून विचारलं नाही, आणि वर्षं गेली तसं वस्तीच्या तोंडी ‘खाली अडकलेला गोली’ एवढंच उरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एर्विन भेटायला गेला. तेओफिलनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “कबुतरं कशी आहेत?”

“बरी आहेत,” एर्विन म्हणाला.

त्यानंतर तो खेळत असेपर्यंत घरच्या प्रत्येक सामन्याला तेओफिल कुबडी घेऊन यायचा आणि बरोबर एर्विनच्या गोलमागे उभा राहायचा. बाजू बदलली की हाही ठेचकाळत पलीकडे. “डावीकडे, एर्विन!” “बाहेर नको येऊस, थांब!” एर्विनला समोरच्या अकरा जणांची कधी भीती वाटली नाही, पण पाठीमागच्या त्या एका माणसानं त्याचा घाम काढला. चेंडू अडवला की लोक टाळ्या वाजवत आणि त्याला वाटे, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. वस्तीत सगळे त्याला त्या गोलवरून छळायचे. तेओफिलनं मात्र एकदाही थट्टा केली नाही. ती त्यानं केली असती तर एर्विनला किती बरं वाटलं असतं!

ट्रुडा नको नको म्हणत असताना तो अंगण ओलांडून हिल्डाकडे गेला.

हिल्डा स्वयंपाकघरात उद्याच्या जेवणाची तयारी करत होती. बटाट्याच्या पिठाचे गोळे वळायचे, प्रत्येकात अंगठ्यानं खळगा करायचा, फळीवर ओळीनं मांडायचे. डोळे सुजलेले, हात चालू. लाकडी पाय शेगडीशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. बूट अजून त्यात होताच, नुकतंच पॉलिश केलेला.

“बस. उभा राहू नकोस, दिव्याच्या आड येतोस.”

तो बसला. “हा पाय शवपेटीत नाही ठेवत?”

“नाही. वैतागला होता त्याला. म्हणायचा, वर गेल्यावर हे लाकूड नको. खरा पाय आधीच पोचलाय, वाट बघत असेल.” ती हसायला गेली आणि तिचा चेहरा मोडला. मग पुन्हा गोळा उचलला. “आलोइस येऊन गेला. तू खांदा देतोयस म्हणाला. बरं झालं.”

“हिल्डा, त्याबद्दलच बोलायचंय. चाळीस वर्षं माझ्या घशात अडकलंय. त्या दिवशी मी...”

“नको सांगूस.”

“ऐक तरी. त्या दिवशी मी...”

“खाली नव्हतास,” हिल्डा म्हणाली. अंगठा गोळ्यात तसाच राहिला. “खाली गेलाच नव्हतास. पोट नाही आणि काही नाही.”

एर्विनला वाटलं, खुर्ची कुणीतरी खालून काढून घेतली. “ट्रुडानं सांगितलं?”

“ट्रुडा मेली तरी सांगायची नाही. तुझ्या डोळ्यांनी सांगितलं. एक पाळी केली तरी पापण्यांना काजळ बसतं रे, चार दिवस निघत नाही. मी माझ्या माणसाचे डोळे लोण्याचं बोट लावून पुसायची, तरी राहायचं. तू दवाखान्यात आलास ते डोळे न्हाऊन आलेल्या बाळासारखे लख्ख. आणि स्वेटरला कबुतराचं पीस चिकटलेलं. तू गेलास आणि तो मला म्हणाला, हिल्डा, हा माळ्यावर होता.”

कबुतरं कशी आहेत. एर्विनच्या कानात ते वाक्य आत्ता, या घडीला, पुन्हा पडलं. आपण काय उत्तर दिलं होतं तेही आठवलं. बरी आहेत म्हणालो!

“मग मला शिव्या का नाही घातल्या त्यानं? थोबाडात का नाही मारली?”

“मी निघालेच होते तुझ्या दारात. अंगणात उभी राहून अख्ख्या वस्तीला ऐकवणार होते. त्यानं अडवलं. म्हणाला, माणसाला शोधायला गेलो आणि पाय गेला, एवढं म्हणून जगता येतं. रिकाम्या भोकात ओरडत होतो आणि पाय गेला, असं म्हणून कसं जगायचं? सांग की, कसं जगायचं?”

शेगडीवर पाणी उकळत होतं.

“तो गोलमागे येऊन का उभा राहायचा?” त्यानं शेवटी विचारलं. “मला जाळायला?”

“जाळायला कशाला? मी म्हणायची, थंडीत मरायला कशाला जातोस, तर म्हणायचा, पाय देऊन घेतलेला गोली आहे तो आपला, बघायला नको कसा खेळतो ते?” हिल्डानं एप्रनच्या टोकानं नाक पुसलं. “आणि बरा खेळायचास हं तू. तो घरी येऊन सांगायचा. तू पेनल्टी अडवलीस की त्या रात्री दोन वाट्या सूप जास्त.”

एर्विन रडायला लागला. मोठे, लांब हात गुडघ्यांत घालून, आवाज न करता. हिल्डानं त्याला थोडा वेळ रडू दिलं, मग फडकं फेकलं.

“पूस. आता माझं ऐक. तू हे सगळं सांगून मोकळा व्हायला निघालायस. तुझं मन हलकं होईल, आणि माझ्या माणसाचा पाय फुकट जाईल. पेटीत असताना, अख्ख्या वस्तीसमोर. लोक म्हणतील, बिचारा, एका भित्र्याच्या बिल्ल्यापायी लंगडा झाला. हसतील. तुझ्या त्या गोलला हसतात तसे हसतील. ते मला नको.”

“पण हिल्डा, तो गणवेश... मला नाही गं सोसत. लोक टोपी काढतात माझ्यासमोर.”

“काढू देत. तूच सोस. त्यानं लाकूड सोसलं, तू पिसं सोस.” तिनं पुन्हा अंगठा दाबून खळगा केला. “उद्या ताठ चाल. खाणवाल्यासारखा चाल.”

एर्विन उठला. जाताना लाकडी पायाजवळ जरा थांबला. हात लावायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि थंडी कडक. खाणीच्या जुन्या वाद्यवृंदातले उरलेसुरले लोक लाल पिसांच्या टोप्या घालून आले होते. त्यांची तोंडं पितळी तुताऱ्यांना चिकटत होती. ट्रुडानं एर्विनची बटणं लावून दिली, कॉलर सरळ केली, आणि एरवी कधी करत नाही ते केलं: त्याच्या गालाला हात लावला.

चर्चच्या दारात आलोइस खांदेकऱ्यांना उभं करत होता. सहा म्हातारे, काळा गणवेश, काळी पिसं. एकाला दम्याचा त्रास, एकाची कंबर धरलेली.

“दफनभूमीपर्यंत उतार आहे,” आलोइस म्हणाला. “पाय पुढे करून न्यायचं, आणि उंच माणसं पुढे, नाहीतर घसरेल. गोली, तू पुढे. डाव्या बाजूला. आणि कृपा कर, आज काही सोडू नकोस.”

कोणीतरी फिसकन हसलं. एर्विनला राग आला नाही. त्यानं खाली वाकून कडी धरली.

वाद्यं वाजू लागली आणि पेटी खांद्यावर गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वस्ती उभी होती. ज्यांचे बाप खाणीत होते ते, जे खाण बंद झाल्यावरच जन्माला आले ते, सगळे. एर्विन पुढून येताना दिसला की पुरुष टोपी काढत होते. एक बाई आपल्या सुनेला हलक्या आवाजात सांगत होती, “तो बघ, उंच. याच्याचसाठी परत आत गेला होता तो. हा खाली अडकला होता ना.” एर्विनला प्रत्येक शब्द ऐकू आला. त्याला थांबावंसं वाटलं, पेटी खाली ठेवून ओरडावंसं वाटलं, की मी नव्हतो, मी नव्हतो हो. पेटीमागे हिल्डा चालत होती. त्यानं मान वर केली आणि चालत राहिला. पिसं वाऱ्यानं डोळ्यांवर येत होती.

उताराच्या मध्यावर आलोइसला धाप लागली. तो एर्विनच्या मागेच होता.

“जड होतंय का रे?” त्यानं विचारलं. “तुझं वय झालंय. थांबायचं का? बदलू या का कुणाला?”

“नको,” एर्विन म्हणाला. “जड नाही.”

आणि ते खरं होतं. डाव्या अंगाला, पायाकडे, पेटी हलकीच होती.